एचबीए१सी ६.६ आणि ५.९: एका घरातले दोन रिपोर्ट आणि ‘भारतीयांसाठी वेगळा आकडा’

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये पत्नीचं (वय ४१) एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.६ आलं. उपाशीपोटी साखर ९४, जेवणानंतर १२६. हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ७०. शेरा ‘डायबेटिक रेंज’. माझं (वय ४४) एचबीए१सी ५.९, उपाशीपोटी १०६, जेवणानंतर १८८, हिमोग्लोबिन १४.८. शेरा ‘बॉर्डरलाइन, काळजीचं कारण नाही’. उंची १७० सेंमी, वजन ६९ किलो, कंबर ९५ सेंमी, वडिलांना मधुमेह आहे, माझं काम दिवसभर बसून. अमेरिकेतला मेहुणा म्हणतो की हे कट-ऑफ गोऱ्या लोकांवरून ठरवलेत, आपल्याला लागू नाहीत. पत्नीला गोळी सुरू करावी का?

उत्तर:

एवढ्या रिपोर्टवर पत्नींना गोळी सुरू करू नका. आणि काळजी करायचीच असेल तर आधी स्वतःची करा. दोन्ही शेरे फक्त एचबीए१सीकडे बघून मारलेत, बाजूला छापलेला सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) कुणी वाचलेला दिसत नाही.

आधी आकडे. निदानासाठी जगभर हेच वापरतात: उपाशीपोटी प्लाझ्मा साखर १२६ मिग्रॅ प्रति डेसिलीटर किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर बरोबर २ तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त. किंवा खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी ठळक लक्षणं असताना कुठल्याही वेळची साखर २०० किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत. एकाच वेळच्या रक्तातल्या दोन वेगळ्या चाचण्या कट-ऑफच्या वर हव्यात, नाहीतर तीच चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर यायला हवी. एक वर आणि एक खाली असेल तर जी वर आहे ती पुन्हा करायची. पण एचबीए१सीवरच संशय घ्यायला कारण असेल तर ते बाजूला ठेवून फक्त साखरेवर निर्णय घ्यायचा. पत्नींच्या बाबतीत असं कारण आहे, त्यावर खाली सविस्तर लिहितो.

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९९७ साली उपाशीपोटीचा कट-ऑफ १४० वरून १२६ वर आणला, तेव्हा अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीपुढे तीन ठिकाणची माहिती होती: अमेरिकेतले पिमा आदिवासी, इजिप्तमधले लोक आणि अमेरिकेचं राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षण. त्यामुळे ‘फक्त गोऱ्यांवरून’ हे खरं नाही. डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे खास बदल कुठल्या साखरेपासून वाढताना दिसतात ते पाहून ती रेषा आखली गेली. एचबीए१सीचा ६.५ हा आकडाही डोळ्याच्या पडद्यावरूनच आला. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने तो सुचवला, २०१० मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारला. पडदा बिघडवते ती साखर, आणि साखरेचा तो परिणाम जात-वंश पाहून फारसा बदलत नाही.

बदलते ती तांबडी पेशी. एचबीए१सी थेट साखर मोजत नाही, हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं प्रमाण मोजतं. पेशी साधारण १२० दिवस जगते. जितकी जास्त जगेल तितकी जास्त साखर तिला चिकटणार. म्हणजे आकडा दोन गोष्टींवर ठरतो: रक्तात साखर किती होती, आणि पेशी त्या साखरेत किती दिवस राहिल्या. अलीकडच्या एका महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो. पेशी लवकर मरत असतील तर आकडा खोटा कमी येतो, म्हाताऱ्या पेशी साचल्या असतील तर खोटा जास्त. वेगवेगळ्या समाजांत हे दुसरं गणित वेगळं असतं, आणि ‘वंशानुसार फरक’ म्हणतात त्यातला बराच भाग इथून येतो.

आपल्याकडे यातलं सर्वांत मोठं कारण आनुवंशिक नाहीच. ते आहे लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना ॲनिमिया आढळला. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी बनतात, रक्तातल्या पेशींचं सरासरी वय वाढतं आणि साखर तीच असून एचबीए१सी वर सरकतं. बहुतेकदा हा फरक काही दशांशांचा असतो. पण ६.२ चं ६.६ व्हायला काही दशांशच पुरतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की उलटं होतं: तरुण पेशींचा लोंढा येतो, आकडा झपाट्याने खाली येतो, आणि ‘डाएटने साखर उतरली’ असं घरात सगळ्यांना वाटतं. बी१२ किंवा फॉलिक ॲसिडचे उपचार नुकतेच सुरू झाले असतील तरी असंच होतं.

पत्नींचे आकडे ताडून पाहा. एचबीए१सीवरून सरासरी साखर काढायचं सूत्र: आकड्याला २८.७ ने गुणा आणि ४६.७ वजा करा. ६.६ ला सरासरी येते सुमारे १४३. उपाशीपोटी ९४ आणि जेवणानंतर १२६ असणाऱ्या माणसाची चोवीस तासांची सरासरी १४३ कशी होईल? जेवणानंतरचा एक आकडा म्हणजे सगळा दिवस नव्हे हे मान्य, पण एवढी तफावत असेल तर प्रयोगशाळेने फोन करून विचारायला हवं होतं. एमसीव्ही ७० म्हणजे पेशी लहान. आता सीबीसीमधला ‘आरबीसी काउंट’ बघा. एमसीव्हीला त्या आकड्याने (दशलक्षात) भागा. १३ च्या वर आलं तर लोहाची कमतरता जास्त संभवते, १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा फक्त वाहक असण्याचा) विचार करायचा. समजा आरबीसी ४.४ आहे, तर ७० भागिले ४.४ म्हणजे जवळपास १६: लोहाकडे बोट. आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारात किती फरक आहे तो आकडा) १८-१९ असेल तर संशय आणखी पक्का. हा ढोबळ अंदाज आहे, निदान नाही. निदानासाठी फेरिटिन करा, ते शरीरातला लोहाचा साठा सांगतं. १५ च्या खाली असेल तर लोह संपलंय यात वाद नाही. ३० च्या खालीही बहुतेक डॉक्टर उपचार करतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन करू नका, ते खोटं वाढतं.

ठाणे-नवी मुंबईत हिमोग्लोबिनच्या अशा आनुवंशिक दोषांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण इथे एका सोसायटीत अर्धा देश राहतो. उल्हासनगरचा सिंधी समाज, मुलुंड-ठाण्यातले लोहाणा आणि कच्छी भानुशाली, पंजाबी कुटुंबं: यांच्यात बीटा थॅलेसेमियाचे वाहक देशाच्या सरासरीपेक्षा (३ ते ४ टक्के) जास्त आहेत. मायनरमध्ये एचबीए१सी बहुधा वापरता येतं, पण सोबत लोह कमी असेल किंवा एचबीएफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) बरंच वाढलेलं असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नये. पंजाब आणि वायव्य भारतातून आलेल्यांत एचबीडी-पंजाब, बंगाल-आसाम-ईशान्येकडच्यांत एचबीई, ही आनुवंशिक वेगळी हिमोग्लोबिनं. विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या अनेक समाजांत, तसंच पालघर, शहापूर, मुरबाडकडच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत जी६पीडी या एन्झाइमची कमतरता, जिच्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि एचबीए१सी खोटं कमी येतं. कुष्ठरोगाच्या उपचारातलं डॅप्सोनही तेच करतं. ठाणे-पालघर पट्ट्यातल्या डॉक्टरांनी एचबीए१सी वाचताना हे औषध चालू आहे का, एवढं विचारायलाच हवं.

हे सगळे सारखे त्रासदायक नाहीत. सिकलसेलचा फक्त वाहक असेल तर पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगते, चाचणी चालते. फक्त मशीनची पद्धत बघावी लागते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात वाहकांचं एचबीए१सी, तेवढ्याच साखरेला, इतरांपेक्षा सुमारे ०.३ ने कमी दिसलं. पण ज्याला प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे (एसएस), किंवा ज्याला दोन्ही पालकांकडून एचबीई मिळालंय, त्याच्या रक्तात साधं हिमोग्लोबिन ए जवळपास नसतंच. मग ‘ए१सी’ मोजणार कशाचं? तिथे ही चाचणी लिहूच नये, कितीही महागडं मशीन असो.

मशीनविषयी. आपल्या भागात मुख्यतः चार पद्धती चालतात: आयन-एक्स्चेंज एचपीएलसी, इम्युनो पद्धत (टर्बिडिमेट्री), एन्झाइमॅटिक आणि बोरोनेट ॲफिनिटी. मोठ्या साखळी प्रयोगशाळांत कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसही असतं. एचपीएलसीचा फायदा असा की वेगळं हिमोग्लोबिन असेल तर ग्राफवर जास्तीचं टोक दिसतं. तोटा असा की काही मॉडेलमध्ये हेच टोक ए१सीच्या मोजणीत घुसतं आणि आकडा भलताच येतो. बोरोनेट पद्धतीला एस, डी, ई यांचा फारसा त्रास होत नाही, पण ती वेगळं हिमोग्लोबिन दाखवतही नाही, आणि एचबीएफ खूप जास्त असेल तर आकडा कमी देते. एक लक्षात ठेवा: पेशी लवकर मरते हा दोष कुठल्याच मशीनला भरून काढता येत नाही. पद्धत बदलून सुटतो तो मोजणीचा गोंधळ, पेशीच्या आयुष्याचा नाही.

म्हणून रिपोर्ट घेताना तीन गोष्टी मागा. पद्धत कुठली, एनजीएसपी (एचबीए१सीची मोजणी प्रमाणित करणारा कार्यक्रम) प्रमाणित आहे का, आणि एचपीएलसी असेल तर ग्राफची प्रत. पद्धत रिपोर्टवर छापणं अपेक्षित आहे, तरी कित्येक ठिकाणी नसते. ग्राफ मागितला की काउंटरवर कपाळाला आठ्या पडतील, तरी मागा. ४ च्या खालचा किंवा १५ च्या वरचा आकडा, मागच्या वेळेपेक्षा अचानक मोठी उडी, किंवा साखरेशी न जुळणारा आकडा आला की ग्राफ बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडू नये, असा नियम चांगल्या प्रयोगशाळेत असतो.

आता ‘वंश’ या शब्दाकडे. फरक खरे आहेत. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडलेल्या ३,८१९ लोकांचं एचबीए१सी तपासलं होतं (२००७). साखर, वय, वजन असे घटक जुळवून घेतल्यावरही सरासरी गोऱ्यांत ५.७८, आशियाई वंशाच्यांत ६.००, कृष्णवर्णीयांत ६.१८ आली. २०१७ मध्ये टाइप १ मधुमेहींना सतत साखर मोजणारा सेन्सर लावून केलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीयांचं एचबीए१सी, सरासरी साखर तीच असताना, गोऱ्यांपेक्षा सुमारे ०.४ ने जास्त होतं. त्याच वर्षी उलटी बाजूही दिसली: आफ्रिकी वंशात आढळणारा जी६पीडी जनुकाचा एक प्रकार असलेल्या पुरुषांत आकडा सुमारे ०.८ ने कमी. एकाच समाजाच्या एका माणसाचा आकडा वर ढकलला जातो, दुसऱ्याचा खाली. ब्रिटनमध्ये लेस्टरला दक्षिण आशियाई लोकांतही, साखरेचा हिशेब धरूनही, आकडा गोऱ्यांपेक्षा थोडा जास्त आढळला. दुसरीकडे चेन्नईच्या शहरी अभ्यासात ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या २ तासांच्या साखरेशी ताडून पाहिलं तर ६.१ च्या आसपासचा कट-ऑफ सर्वांत चांगला बसला, म्हणजे ६.५ वर थांबलं तर बरेच मधुमेही निसटतात. एका अभ्यासातून वाटतं की भारतीयांचा कट-ऑफ वर न्यावा, दुसऱ्यातून वाटतं खाली आणावा. वंशावरून एक बेरीज-वजाबाकी ठरवायला गेलं की हेच होतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने किंवा अमेरिकन असोसिएशनने वंशानुसार वेगळे कट-ऑफ दिलेले नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. समाज, गाव, आजोळ यांची चौकशी जरूर करावी, पण ती रक्तात कुठला घोटाळा शोधायचा हे कळावं म्हणून. आकड्यात मनाने ०.३ मिळवायला नाही.

आता तुमच्याकडे. इथे मात्र भारतीय असण्याला वजन आहे, फक्त वेगळ्या जागी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले: दोघांचा बीएमआय एकच, २२.३, शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात आणि यकृतात चरबी साठते, स्नायू कमी असतात, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकदही लवकर ओसरते. म्हणून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हायला सांगितलं. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या वर नको. तुमचा बीएमआय २३.९, कंबर ९५. चेन्नईतून आलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणपत्रिकेत वयाचे २०, कंबरेचे १०, बैठ्या कामाचे (व्यायामही नसेल तर) ३० आणि एका पालकाच्या मधुमेहाचे १० धरले तर तुमचे ७० होतात. ६० पासून पुढे जास्त जोखीम.

आणि दुसरं असं की आशियाई लोकांत उपाशीपोटी साखर बरी आणि जेवणानंतर बिघडलेली, हे चित्र वारंवार दिसतं. युरोपातल्या आणि आशियातल्या अभ्यासांची तुलना झाली तेव्हा आशियात कितीतरी मधुमेही फक्त २ तासांच्या साखरेवरच सापडले. उपाशीपोटी तपासलं तर ते सुटतात, एचबीए१सीही त्यांच्यात ६.५ च्या खाली असू शकतं. उपाशीपोटी १०६ हा आकडा तुमच्या कंपनीच्या पॅनेलने सोडून दिला, कारण ते बहुधा जागतिक आरोग्य संघटनेची ११० ची रेषा पाळतात. अमेरिकन रेषा १०० ची आहे. ती धरली तर तुम्ही पूर्व-मधुमेहात आहातच, आणि एचबीए१सी ५.९ हेही त्याच पट्ट्यात (५.७ ते ६.४). पण खरा प्रश्न त्या १८८ चा आहे.

१८८ हा ‘पीपी’ म्हणजे जेवणानंतरचा आकडा आहे आणि पीपीवर निदान होत नाही. हे फार लोकांना ठाऊक नसतं. कुणी दोन इडल्या खाऊन येतो, कुणी मिसळपाव, कुणी भाताचं पूर्ण ताट. २ तास कुणी पहिल्या घासापासून मोजतो, कुणी शेवटच्या. कंपनीच्या कॅम्पमध्ये तर नाश्त्याचं पाकीट हातात देतात आणि अर्धे लोक दीड तासातच रक्त देऊन कामाला पळतात. २०० चा कट-ऑफ ७५ ग्रॅम ग्लुकोजसाठी आहे. तुम्हाला करायची चाचणी आहे ओजीटीटी, म्हणजे ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, आणि ती नीट केली तरच उपयोग.

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. पोळी, भात, पोहे सोडून बसू नका. चाचणी आहे म्हणून तीन दिवस फक्त सॅलड खाणारे लोक असतात आणि त्यांची २ तासांची साखर उलट खोटी वाढते, कारण उपाशी शरीर अचानक आलेल्या ग्लुकोजला तयार नसतं. रात्री ८ ते १४ तास उपास, पाणी चालेल, चहा नाही. ताप, जंतुसंसर्ग, गुडघ्यात नुकतंच घेतलेलं स्टेरॉइड इंजेक्शन, नाइट शिफ्ट संपवून थेट आलेला माणूस: यांनी तारीख पुढे ढकलावी. महापे-ऐरोलीच्या कॉल सेंटरमधल्यांसाठी शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, निदान एक रात्र झोपून या.

सकाळी पहिलं रक्त घेतल्यावर ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात. बाटलीवर ‘मोनोहायड्रेट’ असेल तर वजन ८२.५ ग्रॅम, कारण त्यात पाण्याचं वजन असतं. इथे चूक होते: ८२.५ ऐवजी ७५ ग्रॅम मोनोहायड्रेट देतात आणि डोस सुमारे नऊ टक्क्यांनी कमी पडतो. दुकानातली संत्र्याच्या चवीची पावडर अंदाजे चमच्याने घालणं हा तर सरळ बेजबाबदारपणा. ५ मिनिटांत संपवायचं, घड्याळ पहिल्या घोटापासून. लिंबाचे दोन थेंब चालतात. नंतर २ तास तिथेच बसायचं. जिना, तलावपाळीला फेरी, सिगारेट, काही नाही. चाललात तर स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खोटा उतरतो. उलटी झाली तर चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी नव्याने. जमलं तर १ तासाचं रक्तही द्या: आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२४ मध्ये १ तासाला १५५ पासून पूर्व-मधुमेह आणि २०९ पासून मधुमेह धरावा अशी भूमिका मांडली आहे. ती अजून सगळ्यांनी स्वीकारलेली नाही, पण २ तासांचा आकडा १९० च्या घरात आला तर १ तासाचा आकडा बरंच सांगून जातो.

रक्त कुठल्या नळीत जातं तेही बघा. साखरेसाठी करड्या झाकणाची, म्हणजे फ्लोराइडची. एचबीए१सीसाठी जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची. नळीतही पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा खारघर, कामोठे, कळंबोलीच्या आठ-दहा घरी फिरून मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत पोचतो. साध्या लाल झाकणाच्या नळीत १३० ची साखर दोन तासांत ११५ च्या आसपास येऊ शकते, म्हणजे मधुमेही माणूस घरबसल्या मधुमेहाच्या रेषेखाली. फ्लोराइडने हे थांबतं, पण लगेच नाही, पहिले एक ते चार तास थोडी घसरण चालूच असते. म्हणून बर्फाचा डबा हवा आणि प्लाझ्मा लवकर वेगळा व्हायला हवा. निदानासाठीची साखर घरून देऊ नका, जिथे सेंट्रिफ्यूज आहे तिथे जाऊन द्या. एचबीए१सीचं रक्त मात्र फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, ते घरून दिलं तरी चालतं. ग्लुकोमीटर निदानाला नको. प्रमाणित मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के चुकण्याची मुभा आहे. शिवाय ॲनिमियात पेशी कमी असल्याने बरेच मीटर साखर जास्त दाखवतात, म्हणजे पत्नींच्या बाबतीत दोन चुका एकाच दिशेने.

आणखी एक, आकड्याच्या दशांशावर जीव टाकू नका. चांगल्या प्रयोगशाळेतही एचबीए१सीची मोजणी साधारण २ टक्क्यांनी आणि अधूनमधून त्याच्या दुपटीने हलते, म्हणजे खरा ६.५ असलेला माणूस ६.२ ते ६.८ मध्ये कुठेही दिसू शकतो. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे ६.४ आणि ६.६ म्हणजे ‘वाढलं’ नव्हे, ते एकच आहे. पुनर्तपासणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करा.

तर क्रम असा. पत्नींचं फेरिटिन, आणि एमसीव्ही-आरबीसीच्या हिशेबाने गरज वाटली तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. लोह खूप कमी असताना एचबीए२ (थॅलेसेमिया मायनर ज्यावरून ओळखतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार) खोटं कमी येतं आणि थॅलेसेमिया मायनर निसटू शकतो, म्हणून शंका उरली तर लोह भरल्यावर पुन्हा. लोह कुठे जातंय हेही शोधा: पाळीतला जास्त रक्तस्राव, मूळव्याध, आहार. त्याच आठवड्यात त्यांचीही ओजीटीटी करून घ्या, लोह भरेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण साखरेच्या मोजणीला ॲनिमिया आडवा येत नाही (मीटर सोडून). उपाशीपोटी १०० च्या खाली आणि २ तासांनी १४० च्या खाली आलं तर आज मधुमेह नाही, एचबीए१सी काहीही म्हणो. २ तासांचा आकडा २०० च्या वर आला तर मात्र ॲनिमियाकडे बोट दाखवून सुटका नाही, वेगळ्या दिवशी साखरेची तपासणी पुन्हा करून निदान पक्कं करा. एचबीए१सी पुन्हा करायचं तर हिमोग्लोबिन सुधारून स्थिर झाल्यावर, त्यानंतर तीन महिन्यांनी. मधल्या काळात केलं तर खोटं कमी येईल. रक्तदान केलं, रक्त चढवलं किंवा शस्त्रक्रियेत बरंच रक्त गेलं, तरी हाच तीन महिन्यांचा नियम.

तोवर कंपनीच्या डॉक्टरांकडून ‘डायबेटिक’ हा शेरा बदलून ‘पुढील तपासणी आवश्यक’ असा लेखी करून घ्या. विम्याच्या नोंदीत एकदा गेलेला शब्द काढणं रिपोर्ट बदलण्यापेक्षा कठीण असतं.

तुमची ओजीटीटी या महिन्यातच. १४० ते १९९ आली तर पूर्व-मधुमेह पक्का: वजन ५ ते ७ टक्के कमी, म्हणजे तुम्हाला साडेतीन ते पाच किलो, आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, वर्षाला पुन्हा तीच चाचणी, फक्त एचबीए१सी नव्हे. २०० किंवा वर आली तर एचबीए१सी ५.९ असूनही ती बाजूला सारू नका. वेगळ्या दिवशी ओजीटीटी पुन्हा, आणि तीही वर आली तर तो मधुमेहच: डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन हे पहिल्या महिन्यातच तपासून घ्यायचं. तेव्हा तुमचंही हिमोग्लोबिन एचपीएलसीवर एकदा पाहावं, कारण साखर एवढी आणि एचबीए१सी एवढंच असेल तर पेशी लवकर मरतात का हा प्रश्न उरतो. तसं निघालं तर पुढे उपचारांवर लक्ष ठेवायलाही एचबीए१सी कामाचं नाही. घरच्या मीटरच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामिन वापरावं लागेल. फ्रुक्टोसामिन मागच्या दोन-तीन आठवड्यांचं सांगतं, पण त्यावर निदान करायचा सर्वमान्य कट-ऑफ नाही, आणि अल्ब्युमिन कमी असेल तर तेही फसवतं.

घरात कुणी गरोदर असेल तर वरचं काहीच जसंच्या तसं लावू नका. गरोदरपणात पेशींचं आयुष्य घटतं, एचबीए१सी कमीच दिसतं. सरकारी कार्यक्रमात पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत, पोट रिकामं असो वा भरलेलं, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन २ तासांनी तपासतात. तिथे १४० ही रेषा. महापालिकेच्या प्रसूतिगृहात ही तपासणी मागून घेता येते.

आणि चाचण्यांच्या तारखांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे प्रसंग: मूल किंवा तरुण आठवड्या-दोन आठवड्यांत वाळलंय, रात्री चार-पाचदा लघवीला उठतंय, उलट्या, पोटदुखी, धाप. अशा वेळी एचबीए१सी नॉर्मलच्या जवळ असू शकतं, कारण साखर वाढून दिवसच किती झालेत. साखर आणि कीटोन लगेच तपासा.